स्टॅन्ली कपचे मानांकन: डिव्हिजनचे कुंपण काढायलाच हवे

दर वर्षी एप्रिलच्या मध्यावर नॅशनल हॉकी लीग या उत्तर अमेरिकेतल्या आइस हॉकी स्पर्धेचे साखळी सामने संपतात, स्टॅन्ली कपच्या बाद फेरीतल्या जोड्या जाहीर होतात आणि एक जुना वाद नव्याने सुरू होतो. बाद फेरीतल्या संघांचे मानांकन डिव्हिजननुसार ठरावे की कॉन्फरन्सनुसार? हा वाद ज्या पद्धतीने घातला जातो, ती पद्धत मला खटकते. टोरांटोचा संघ पहिल्याच फेरीत बॉस्टनकडून हरला की टोरांटोचे चाहते म्हणतात, ही रचनाच अन्यायाची आहे. त्यावर बाकीचे चाहते सुनावतात, की रडगाणे थांबवा, कप जिंकायचा असेल तर कधी ना कधी सगळ्यांना हरवावेच लागते. 2018, 2019 आणि 2024 या तिन्ही वर्षी हे दोन संघ पहिल्याच फेरीत समोरासमोर आले, तिन्ही वेळा सात सामन्यांच्या मालिकेतल्या शेवटच्या, सातव्या सामन्यात बॉस्टनने बाजी मारली आणि तिन्ही वेळा वादाची पट्टी याच्या वर गेली नाही. पण टोरांटोचे दुःख हा मुळात मुद्दाच नाही. सहा महिने खपून, 82 सामने खेळून एखाद्या संघाने जे कमावले, त्याचे मोल बाद फेरीची रचना त्याला देते का, हा खरा प्रश्न आहे. माझे उत्तर असे, की आजची डिव्हिजनवर आधारलेली रचना ते देत नाही, आणि हा दोष अधूनमधून उद्भवणारा अपघात नसून त्या रचनेच्या गाभ्यातच आहे. प्रत्येक कॉन्फरन्समधल्या आठ संघांना केवळ गुणांच्या आधारे 1 ते 8 असे मानांकन द्यावे आणि प्रत्येक फेरीनंतर उरलेल्या संघांची त्याच क्रमाने नव्याने जुळणी करावी, ही माझी भूमिका आहे.

आइस हॉकीशी फारसा परिचय नसलेल्या वाचकांसाठी आधी रचना सांगतो. लीगमध्ये 32 संघ आहेत आणि ते ईस्टर्न व वेस्टर्न अशा दोन कॉन्फरन्समध्ये वाटलेले आहेत. प्रत्येक कॉन्फरन्समध्ये आठ-आठ संघांच्या दोन डिव्हिजन आहेत, पूर्वेला अटलांटिक आणि मेट्रोपॉलिटन, पश्चिमेला सेंट्रल आणि पॅसिफिक. 2013-14च्या हंगामापासून प्रत्येक डिव्हिजनमधले पहिले तीन संघ थेट बाद फेरीत जातात आणि उरलेल्यांपैकी कॉन्फरन्समधले सर्वाधिक गुणांचे दोन संघ वाइल्ड कार्ड म्हणून आत येतात. दोन डिव्हिजन-विजेत्यांपैकी ज्याचे गुण जास्त, त्याच्या वाट्याला कमी गुणांचे वाइल्ड कार्ड येते, तर दुसऱ्या विजेत्याच्या वाट्याला दुसरे. डिव्हिजनमधले दुसऱ्या आणि तिसऱ्या क्रमांकाचे संघ मात्र एकमेकांशीच खेळतात, मग त्यांचे गुण कितीही असोत. त्यापुढची फेरीही आधीच आखलेल्या तक्त्यानुसार होते. त्याआधी, 1993-94 पासून 2012-13 पर्यंत, मानांकन कॉन्फरन्सनुसार होत असे आणि प्रत्येक फेरीनंतर जोड्या नव्याने जुळवल्या जात.

या नियमाने प्रत्यक्षात काय होते, ते 2016-17च्या हंगामात सर्वांत स्वच्छ दिसते. त्या वर्षी लीगमध्ये 30 संघ होते. वॉशिंग्टन कॅपिटल्सने 118 गुण मिळवून संपूर्ण लीगमध्ये पहिला क्रमांक पटकावला, पिट्सबर्ग पेंग्विन्स 111 गुणांसह दुसरे आले आणि कोलंबस ब्लू जॅकेट्स 108 गुणांसह चौथे. हे तिघेही मेट्रोपॉलिटन डिव्हिजनमधले. म्हणजे 30 संघांतला दुसरा आणि चौथा संघ पहिल्याच फेरीत एकमेकांच्या गळ्यात बांधले गेले आणि त्यांतून जो वाचेल त्याची गाठ दुसऱ्या फेरीत पहिल्याशी पडण्याची तजवीज झाली. त्याच वेळी अटलांटिक डिव्हिजनमध्ये मॉन्ट्रियल 103 गुणांनी पहिले, ओटावा 98 गुणांनी दुसरे आणि बॉस्टन 95 गुणांनी तिसरे होते. केवळ गुण पाहिले असते, तर तिसऱ्या मानांकनाच्या कोलंबसला सहाव्या मानांकनाचा ओटावा मिळाला असता आणि मालिकेचे पहिले दोन सामने कोलंबसच्या घरच्या रिंकवर झाले असते. प्रत्यक्षात 108 गुणांचा कोलंबस पिट्सबर्गमध्ये पाहुणा म्हणून गेला आणि 98 गुणांचा ओटावा मात्र घरच्या प्रेक्षकांसमोर बॉस्टनविरुद्ध उतरला.

कोलंबससाठी हा हंगाम साधासुधा नव्हता. या संघाने तोपर्यंतच्या इतिहासात बाद फेरीची एकही मालिका जिंकलेली नव्हती, आणि त्या वर्षी त्याने सलग 16 सामने जिंकून सगळ्या लीगला आपली दखल घ्यायला लावली होती. तिथल्या रिंकमध्ये यजमानांनी गोल केला की तोफ डागली जाते. त्या मालिकेत ती तोफ ऐकण्याची संधी कोलंबसकरांना फक्त दोन सामन्यांत मिळाली. त्यांपैकी पहिल्यात, म्हणजे मालिकेच्या तिसऱ्या सामन्यात, पिट्सबर्गच्या जेक गेंट्झलने हॅट्‌ट्रिक साधत जादा वेळेत सामना संपवला, आणि पाचव्या सामन्यात मालिकाही संपली. पिट्सबर्ग सरस होते, यात शंका नाही. त्यांनी पुढे सात सामन्यांत वॉशिंग्टनला नमवले आणि कपही जिंकला. ज्या ओटावाला कोलंबसपेक्षा 10 गुण कमी होते, तो ओटावा मात्र बॉस्टन आणि न्यूयॉर्क रेंजर्सना हरवून कॉन्फरन्सच्या अंतिम फेरीत पोहोचला. ओटावाने ते यश मेहनतीने मिळवले आणि पिट्सबर्गलाही सातव्या सामन्याच्या दुसऱ्या जादा वेळेपर्यंत झुंजवले, म्हणून त्या खेळाडूंना कमी लेखण्याचा माझा हेतू नाही. पण 98 गुणांच्या वाटेवर 95 आणि 102 गुणांचे संघ उभे करायचे आणि 108 गुणांच्या वाटेवर 111 आणि 118 गुणांचे, या वाटपाला मानांकन म्हणता येईल का?

त्या वर्षीची सर्वांत विचित्र गोष्ट रेंजर्सची होती. 102 गुण मिळवून ते त्याच मेट्रोपॉलिटन डिव्हिजनमध्ये चौथे आले, वाइल्ड कार्ड ठरले आणि म्हणून नियमानुसार अटलांटिकच्या तक्त्यात गेले. तिथे त्यांना मॉन्ट्रियल आणि नंतर ओटावा मिळाले. म्हणजे एकाच डिव्हिजनमध्ये तिसरे येणाऱ्याच्या नशिबी पिट्सबर्ग आणि वॉशिंग्टन, तर चौथे येणाऱ्याला त्याहून सोपी वाट. रेंजर्सनी मुद्दाम चौथा क्रमांक घेतला असे कोणी म्हणू शकत नाही, मीही म्हणत नाही. पण ज्या स्पर्धेत तिसरे येण्यापेक्षा चौथे येणे फायद्याचे ठरू शकते, तिच्या नियमात गफलत आहे हे मान्य करायला आणखी कोणता पुरावा हवा?

हे एकच वर्ष हाताशी धरून मी बोलत नाही. आदल्या वर्षी, 2016 मध्ये, वॉशिंग्टनचे 120 गुण होते आणि पिट्सबर्गचे 104. पूर्वेकडचे हे पहिले आणि दुसरे संघ होते आणि ते दुसऱ्याच फेरीत भिडले. 2018 मध्ये पश्चिमेत नॅशव्हिलचे 117 आणि विनिपेगचे 114 गुण होते. संपूर्ण लीगमधले पहिले दोन संघ दुसऱ्या फेरीत आमनेसामने आले आणि सातव्या सामन्यात नॅशव्हिल बाहेर पडले. त्याच वर्षी पूर्वेत टॅम्पा बेचे 113, बॉस्टनचे 112 आणि टोरांटोचे 105 गुण होते आणि तिघेही एकाच डिव्हिजनच्या पिंजऱ्यात होते. 2025 मध्ये 106 गुणांचा डॅलस आणि 102 गुणांचा कोलोरॅडो पहिल्याच फेरीत लढले. त्या मालिकेच्या सातव्या सामन्यात मिको रँटानेनने, जानेवारीपर्यंत ज्या कोलोरॅडोकडून तो खेळत होता त्याच संघाविरुद्ध, तिसऱ्या सत्रात हॅट्‌ट्रिक केली. हॉकी म्हणून तो सामना अविस्मरणीय होता. पण तो मेच्या सुरुवातीला, पहिल्या फेरीत व्हावा, याला गुणतक्त्यात कोणतेही समर्थन नव्हते. डिव्हिजनची ताकद दर वर्षी बदलते. ज्या वर्षी एका डिव्हिजनमध्ये तीन बलाढ्य संघ जमतात, त्या वर्षी हा नियम त्यांच्यातल्या एकाला पहिल्या फेरीत आणि दुसऱ्याला दुसऱ्या फेरीत बाहेर काढणारच.

यावर पहिला प्रतिवाद ठरलेला आहे: अव्वल ठरायचे तर अव्वलांना हरवावेच लागेल, मग आज काय आणि उद्या काय? हा युक्तिवाद मर्दानी वाटतो, म्हणून लोकप्रिय आहे. त्याच्या बाजूने दाखलाही देता येतो: वॉशिंग्टनने 2018 मध्ये पिट्सबर्गला दुसऱ्या फेरीत हरवूनच अखेर कप जिंकला. त्याशिवाय 2012 मध्ये लॉस एंजेलिस किंग्ज आठव्या मानांकनावरून विजेते ठरले, मग मानांकनाला एवढे महत्त्व कशाला, असेही विचारले जाते. पण हा युक्तिवाद खरा मानला तर मानांकनच रद्द करून चिठ्ठ्या टाकायला हव्यात. त्याने डिव्हिजनची बाजू मुळीच बळकट होत नाही. मानांकन करायचेच असेल तर त्याचा अर्थ एकच असू शकतो: ज्याचे गुण अधिक, त्याला सुरुवातीला तुलनेने हलका प्रतिस्पर्धी. तो प्रतिस्पर्धी उलथापालथ घडवू शकतो आणि घडवतोही. 2019 मध्ये चारही डिव्हिजन-विजेते पहिल्याच फेरीत गारद झाले. निकालाची हमी कोणी मागत नाही. मागणी आहे ती साखळीतल्या प्रत्येक विजयाने पुढची वाट थोडी सोपी व्हावी, अवघड होऊ नये, एवढीच. आणि फेरी कोणती याने फरक पडत नाही हेही खरे नाही. दुसऱ्या फेरीत हरलेल्या संघाचे प्रशिक्षक बदलले जातात, खेळाडू विकले जातात, मोसमाला अपयशी ठरवले जाते. कॉन्फरन्सच्या अंतिम फेरीत हरलेल्या संघाकडे तसे पाहिले जात नाही. पुढच्या हंगामाचे निर्णय ज्यावर ठरतात, ती मोजपट्टी तरी सरळ असावी.

डिव्हिजनच्या बाजूचा सर्वांत वजनदार मुद्दा हाडवैराचा आहे, आणि तो मी मनापासून मान्य करतो. आइस हॉकीत एकाच प्रतिस्पर्ध्याशी वर्षानुवर्षे बाद फेरीत होणाऱ्या झुंजींतून जी धग तयार होते, ती दुसऱ्या कशानेही होत नाही. 1981-82 ते 1992-93 या काळात बाद फेरीच्या पहिल्या दोन फेऱ्या डिव्हिजनच्या आतच होत. त्या रचनेने एडमंटन आणि कॅल्गरी यांच्यातले अल्बर्टाचे युद्ध दिले, मॉन्ट्रियल आणि क्यूबेक नॉर्डिक्स यांच्यातले वैर दिले. 20 एप्रिल 1984 रोजी, गुड फ्रायडेच्या दिवशी, मॉन्ट्रियल आणि क्यूबेकच्या सामन्यात झालेली सामूहिक हाणामारी आजही क्यूबेक प्रांतातल्या जुन्या चाहत्यांना तोंडपाठ आहे. 1986 मध्ये एडमंटनच्या स्टीव्ह स्मिथने सातव्या सामन्यात चुकून आपल्याच गोलमध्ये पक, म्हणजे खेळातली रबरी चकती, धाडला आणि कॅल्गरी पुढे गेले, ही गोष्ट अल्बर्टात अजून सांगितली जाते. आजच्या रचनेनेही काही दिले आहे. फ्लोरिडा आणि टॅम्पा बे या शेजाऱ्यांच्या लढती 2021 पासून रंगू लागल्या, आणि एडमंटन व लॉस एंजेलिस 2022 ते 2025 अशी सलग चार वर्षे पहिल्याच फेरीत भेटले.

पण या शेवटच्या उदाहरणाकडे नीट पाहा. चारही वेळा एडमंटन जिंकले. चौथ्या वेळी एडमंटन आणि लॉस एंजेलिस यांच्या जोडीत चाहत्यांना कुतूहल उरले होते की कंटाळा? पुनरावृत्तीने वैर आपोआप तयार होत नाही. 1980च्या दशकात ते तयार झाले, त्याचे मोठे कारण साखळीच्या वेळापत्रकात होते: पाच संघांच्या डिव्हिजनमध्ये प्रत्येक प्रतिस्पर्ध्याशी हंगामात आठ सामने होत. आज ते तीन किंवा चार होतात. आणि आजच्या डिव्हिजन जितक्या शेजारधर्माच्या वाटतात तितक्या नाहीत. डेट्रॉइट आणि कोलंबस ही गाडीने काही तासांच्या अंतरावरची शहरे वेगवेगळ्या डिव्हिजनमध्ये आहेत, आणि डेट्रॉइटच्या डिव्हिजनमध्ये फ्लोरिडातले दोन्ही संघ आहेत. मुख्य म्हणजे, ज्या अल्बर्टाच्या युद्धाचा दाखला डिव्हिजनचे समर्थक नेहमी देतात, ते या रचनेत 2025 पर्यंत बाद फेरीत एकदाच, 2022 मध्ये, घडले.

उलट, कॉन्फरन्सनुसार मानांकन असताना वैरे मेली का? 1990च्या दशकातले सर्वांत कडवे वैर डेट्रॉइट आणि कोलोरॅडो यांचे होते. 1996 मध्ये डेट्रॉइट सेंट्रल डिव्हिजनमध्ये होते आणि कोलोरॅडो पॅसिफिकमध्ये. डेट्रॉइटने त्या हंगामात 131 गुण मिळवले होते. दोघे भेटले ते कॉन्फरन्सच्या अंतिम फेरीत, जिथे क्लॉड लेम्यूने मागून दिलेल्या धक्क्याने क्रिस ड्रेपरचा चेहरा रिंकभोवतीच्या बोर्डवर आदळून जबडा मोडला. 26 मार्च 1997 रोजी डेट्रॉइटच्या रिंकवर त्याचा हिशेब चुकता झाला. डॅरन मकार्टीने लेम्यूला गाठले, पॅट्रिक रॉय आणि माइक व्हर्नन हे दोन्ही गोलरक्षकही एकमेकांवर धावून गेले, आणि शेवटी जादा वेळेतला निर्णायक गोलही मकार्टीनेच केला. 2002 पर्यंत हे दोन संघ बाद फेरीत पाच वेळा भेटले. ते वैर कोणत्याही तक्त्याने लादलेले नव्हते. दोघेही इतके चांगले होते की वाट एकमेकांवरूनच जात होती, म्हणून ते पेटले. त्याच रचनेत टोरांटो आणि ओटावा हे ओंटारियोतले शेजारी 2000, 2001, 2002 आणि 2004 असे चारदा बाद फेरीत लढले. वैर जपायला डिव्हिजनचे कुंपण लागते, हा समज इतिहासात टिकत नाही.

त्या सोनेरी म्हटल्या जाणाऱ्या 1980च्या दशकाची किंमतही सांगायला हवी, कारण ती हल्ली कोणी सांगत नाही. 1987-88 मध्ये टोरांटो मेपल लीफ्स केवळ 52 गुण मिळवून, लीगमध्ये शेवटून दुसरे असतानाही, बाद फेरीत गेले. कारण नॉरिस डिव्हिजनमधून चार संघ पुढे जाणार होते आणि त्यांच्या खाली मिनेसोटा होते. त्याच वर्षी पॅट्रिक डिव्हिजनमध्ये न्यूयॉर्क रेंजर्स 82 गुण आणि पिट्सबर्ग 81 गुण मिळवून घरी बसले. त्या पिट्सबर्गमध्ये मारियो लेम्यू होता, ज्याने त्या हंगामात स्वतःचे गोल आणि गोलसाहाय्य मिळून 168 वैयक्तिक गुण मिळवत लीगमधल्या सगळ्या खेळाडूंना मागे टाकले होते. लीगमधला सर्वाधिक गुणांचा खेळाडू बाहेर आणि 52 गुणांचा संघ आत, हे वैराच्या नावाखाली चालवून घेतले गेले. त्याआधीची कथाही अशीच आहे. 1967 मध्ये लीगने सहा नवे संघ घेतले आणि सगळ्यांना एकाच वेस्ट डिव्हिजनमध्ये टाकले, म्हणजे नव्यांपैकी एक अंतिम फेरीत जाणार हे ठरलेलेच. सेंट लुई 1968, 1969 आणि 1970 असे सलग तीन वर्षे अंतिम फेरीत गेले आणि तिन्ही वेळा 4-0 असे हरले. 1969-70 मध्ये तर ईस्ट डिव्हिजनमधले मॉन्ट्रियल 92 गुण मिळवून बाद फेरीच्या बाहेर राहिले, रेंजर्सचेही 92च होते आणि निर्णय केलेल्या गोलांच्या संख्येवर झाला. त्याच वेळी वेस्ट डिव्हिजनमध्ये 64 गुणांचे पिट्सबर्ग दुसरे होते. पुढच्याच हंगामात लीगला शिकागोला पश्चिमेत हलवून उपांत्य फेरीत दोन्ही डिव्हिजनची सरमिसळ करावी लागली.

मराठी वाचकाला हे गणित परके वाटू नये. रणजी करंडकात संघ विभागवार वाटलेले असत आणि 1970-71च्या आधी प्रत्येक विभागातून एकच संघ बाद फेरीत जाई. पश्चिम विभागात मुंबई होती, जी 1958-59 पासून 1972-73 पर्यंत सलग 15 वेळा विजेती ठरली. महाराष्ट्र, बडोदा, गुजरात, सौराष्ट्र यांच्यासाठी याचा अर्थ असा, की देशातला सर्वांत बलवान संघ त्यांच्या दारातच उभा होता आणि त्याला मागे टाकल्याशिवाय विभागाबाहेर पाऊल टाकता येत नव्हते. 1970-71 मध्ये पहिल्यांदा प्रत्येक विभागातून दोन संघांना प्रवेश मिळाला आणि त्याच वर्षी अंतिम सामना मुंबई आणि महाराष्ट्र यांच्यात झाला. कुंपण जरा सैल करताच विभागातला दुसरा संघ देशातलाही दुसरा ठरला! त्याआधी किती वर्षी असेच घडू शकले असते, याचा हिशेब आता मांडता येणार नाही. पण नियमाने ती शक्यताच नाकारली होती.

आज वाइल्ड कार्ड असल्यामुळे 1988 सारखा प्रकार होत नाही, हे डिव्हिजनच्या समर्थकांचे म्हणणे बरोबर आहे. प्रवेशाबाबत माझी फारशी तक्रारही नाही. पण वाइल्ड कार्ड का आणावे लागले? केवळ डिव्हिजनवर विसंबले तर चांगले संघ बाहेर राहतात, हे लीगला मान्य होते म्हणूनच ना? मग आत कोण येणार हे ठरवताना कॉन्फरन्सचे गुण ग्राह्य धरायचे आणि कोण कोणाशी खेळणार हे ठरवताना तेच गुण बाजूला ठेवायचे, ही विसंगती कशासाठी? रेंजर्सचा 2017चा किस्सा याच विसंगतीतून जन्मला.

काही जाणकार वेगळा आक्षेप घेतात: जुनी कॉन्फरन्स-पद्धत तरी कुठे न्याय्य होती? 2012 मध्ये 94 गुणांच्या फ्लोरिडाला तिसरे मानांकन मिळाले आणि 108 गुणांच्या पिट्सबर्गला चौथे. त्यामुळे पिट्सबर्गला 103 गुणांच्या फिलाडेल्फियाशी खेळावे लागले आणि ते सहा सामन्यांत हरले. उदाहरण खरे आहे, पण ते माझ्याच बाजूचे आहे. फ्लोरिडाला ते स्थान कॉन्फरन्सने दिले नव्हते. डिव्हिजन जिंकणाऱ्याला पहिल्या तीनमध्ये बसवायचे, या नियमाने दिले होते. म्हणजे तिथेही डिव्हिजनच नडली. बास्केटबॉलमध्ये हेच घडले होते. 2006 मध्ये एनबीएत 63 विजयांचे सॅन अँटोनियो आणि 60 विजयांचे डॅलस एकाच डिव्हिजनमध्ये असल्याने दुसऱ्याच फेरीत भिडले. लगेच पुढच्या हंगामासाठी नियम बदलला गेला, आणि 2015-16 पासून डिव्हिजन-विजेत्याचा मानांकनातला विशेषाधिकारही काढून टाकला. त्यामुळे तिथले वैर संपले, प्रेक्षक आटले, असे काही झाले नाही. हॉकी लीगने 2013 मध्ये नेमके उलट पाऊल टाकले, आणि आयुक्त गॅरी बेटमन तेव्हापासून या रचनेची पाठराखण करत आले आहेत. पहिली फेरी रंगतदार होते, हे त्यांचे मुख्य समर्थन. पहिली फेरी रंगते, हे खरेच. पण दोन बलाढ्य संघ लवकर भिडवून पहिली फेरी रंगवली, तर ती रंगत पुढच्या फेऱ्यांतून काढून घेतलेली असते.

उरले दोन व्यावहारिक मुद्दे. पहिला प्रवासाचा, आणि तो पश्चिमेत खरोखर गंभीर आहे. पूर्वेकडचे सगळे संघ एकाच प्रमाणवेळेत आहेत, तर पश्चिमेकडचे तीन प्रमाणवेळांत विखुरलेले. व्हँकुव्हरला पहिल्याच फेरीत नॅशव्हिल मिळाले, तर खेळाडूंचे पाय आणि घरी सामना पाहणाऱ्यांची झोप, दोन्हींवर ताण पडतो. हा भार पूर्वेपेक्षा पश्चिमेला जास्त सोसावा लागेल, हे नाकारण्यात अर्थ नाही. तरीही डिव्हिजन म्हणजे जवळचा प्रवास, हे समीकरण कच्चे आहे. एडमंटन आणि लॉस एंजेलिस एकाच डिव्हिजनमध्ये आहेत, विनिपेग आणि डॅलसही. तर डेन्व्हर आणि लास व्हेगस, किंवा कॅल्गरी आणि विनिपेग, ही तुलनेने जवळची शहरे वेगवेगळ्या डिव्हिजनमध्ये. 2025च्या पश्चिमेचे गुण घेऊन 1 ते 8 मांडले, तर विनिपेग-सेंट लुई आणि व्हेगस-मिनेसोटा या जोड्या होत्या तशाच राहतात. बदलतात त्या दोनच, डॅलसला एडमंटन आणि लॉस एंजेलिसला कोलोरॅडो. आकाश कोसळावे असे त्यात काय आहे? शिवाय 1994 मध्ये याच लीगने सेंट्रल आणि पॅसिफिक यांच्यातल्या मालिका दोन-तीन-दोन अशा, म्हणजे दोन सामने एका शहरात, पुढचे तीन दुसऱ्या शहरात आणि शेवटचे दोन पुन्हा पहिल्या शहरात, खेळवून विमानाच्या फेऱ्या कमी केल्या होत्या. तो तोडगा आजही वापरता येईल आणि त्याचा निर्णय वरच्या मानांकनाच्या संघावर सोडता येईल.

दुसरा मुद्दा वेळापत्रकाचा, आणि बौद्धिकदृष्ट्या तो मला सर्वांत प्रामाणिक वाटतो. एकाच डिव्हिजनमधले संघ साधारण सारख्याच प्रतिस्पर्ध्यांशी खेळतात, म्हणून त्यांचीच आपसांत तुलना करणे योग्य. दोन डिव्हिजनमधल्या संघांचे गुण एका रांगेत मांडणे म्हणजे वेगवेगळ्या परीक्षांचे गुण एकत्र करणे, असा हा युक्तिवाद आहे. डिव्हिजनच्या आतले सामने खूप असते, तर मी तो मान्य केला असता. पण 82 पैकी फक्त 26 सामने स्वतःच्या डिव्हिजनमध्ये होतात. 24 सामने कॉन्फरन्समधल्या दुसऱ्या डिव्हिजनशी होतात, प्रत्येक संघाशी तीन, आणि उरलेले 32 सामने दुसऱ्या कॉन्फरन्सशी, प्रत्येक संघाशी दोन. म्हणजे कॉन्फरन्समधल्या कोणत्याही दोन संघांच्या प्रश्नपत्रिका बहुतांशी सारख्याच असतात. जो थोडा फरक उरतो, तो बलाढ्य डिव्हिजनमधल्या संघाच्या विरुद्धच जातो, कारण त्याला तगड्या शेजाऱ्यांशी एखादा सामना जास्त खेळावा लागतो. 2017 मध्ये वॉशिंग्टन, पिट्सबर्ग आणि रेंजर्स यांच्याशी सतत झुंजून कोलंबसने 108 गुण मिळवले होते. कठीण परीक्षा देऊन जास्त गुण आणणाऱ्याला पुढची परीक्षाही कठीण द्यायची, यामागचे तर्कशास्त्र मला आजवर कोणी समजावून सांगितलेले नाही.

2026-27 पासून साखळीतले सामने 82 वरून 84 होत आहेत. वाढलेले दोन्ही सामने डिव्हिजनच्या आतच खेळवले, तरी तो आकडा 28 वर जातो, म्हणजे एकूण सामन्यांच्या बरोबर एक तृतीयांश. लीगने हा वाटा वाढवून निम्म्याच्या वर नेला, शेजाऱ्यांशी पूर्वीसारखे सात-आठ सामने ठेवले, तर डिव्हिजननुसार मानांकनाची बाजू खरोखर मजबूत होईल आणि मला माझ्या मताचा फेरविचार करावा लागेल. पण तसे करायला लीग तयार नाही, कारण प्रत्येक शहराला प्रत्येक संघ वर्षातून एकदा तरी पाहायला मिळावा, ही प्रेक्षकांची रास्त अपेक्षा तिला पुरवायची आहे. मग जो हंगाम दोन तृतीयांश डिव्हिजनबाहेर खेळला जातो, त्याचा हिशेब डिव्हिजनच्या वहीत मांडता येणार नाही.